अर्धं सूत

सियागंजात हकीमुद्दीनभाईंच्या दुकानी
बाबांनी एकतीस वर्षं नट-बोल्ट विकले.
गल्ल्यावर नव्हे, बाहेर, पायरीशी,
जिथे गिऱ्हाईक गंजका तुकडा पुढे करून म्हणायचं,
असाच द्या.
बाबा माप घेत नसत. अंगठ्याने दोन फेरे फिरवत.
फिरला तर तीन सूत, अडला तर दुसरा डबा.

आट्यांना आम्ही इंदुरात चूडीच म्हणतो.
चूडी बसली, चूडी गेली, चूडी कुणाची.
कुणाची, हे मला तेव्हा विचित्र वाटे.
लुधियान्याचा बोल्ट, राजकोटचा नट,
महूच्या वर्कशॉपातला पाना,
तिघांची जन्मात भेट नाही,
तरी बसत एकमेकांत,
अनोळखी माणसं पंगतीत बसतात तशी.

म्हणून माझ्या प्रोग्रामचं नाव मी वायसर ठेवलं.
दोन यंत्रणांच्या मधला चपटा तुकडा, कुणाचाच नसलेला.
खंडवा रोडवरची भाड्याची खोली, आणि आम्ही चौघं:
मी, त्रिचीचा सेल्वम,
लिस्बनची एक बाई, जिचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही,
आणि उज्जैनचा मुकुल मुळ्ये, जो फक्त चुका काढायचा.
घ्या, बदला, वाटा, हवं तर विका.

कंपनी स्तुती करत आली.
चौघांना टी-शर्ट, माझा दोन मापं मोठा.
सेल्वमला नोकरी. मला नोकरी.
बाबांनी नेमणुकीचं पत्र देवापुढे ठेवलं,
उडू नये म्हणून वर शेवेचं पाकीट.

पहिल्या वर्षी काही बदललं नाही.
दुसऱ्या वर्षी एक सोय आली, खरंच छान,
फक्त त्यांच्याच यंत्रांवर चालणारी.
तिसऱ्या वर्षी ती गृहीत धरून आणखी दहा.
परवाना तोच. कोड उघडाच.
कुलूप कुठे दिसत नव्हतं,
म्हणून किल्ली कुणी मागितली नाही.

ते अर्धं सूत मी कापलं.
एका मंगळवारी, चहा यायच्या आधी, अकरा ओळींत.
तपासून सेल्वमने शेरा मारला: बरोबर.
बरोबरच होतं.

आता देवासच्या रक्तपेढीतून टोकेकर मॅडमचा फोन.
बिल तिप्पट झालंय, दुसरीकडे जायचंय,
तुम्हीच बनवलंय ना, किती दिवस लागतील?
मी मोजते. उत्तर दिवसांत येत नाही.
एकोणीस महिने, म्हणते.
पलीकडून फक्त शीतपेटीची घरघर.

मुकुलने जुना वायसर वेगळा काढलाय,
उज्जैनला एकटाच सांभाळतो.
मला बोलावत नाही.

रविवारी बाबांना सांगितलं, त्यांच्या भाषेत.
त्यांनी माळ्यावरून डालड्याचा डबा उतरवला,
जोड न मिळालेल्या नटांचा.
एक उचलून म्हणाले, हा मोटारपंपाचा.
पंप स्वस्त दिला, माळव्यात गावोगाव बसला,
मग चूडी बदलली. नट त्यांचाच घ्यायचा, आठ रुपयांना.
दीड रुपयाची वस्तू.

मग तुम्ही काय केलंत?

काय करणार? विकला.
कमिशन बरं होतं.

बराच वेळ ते डब्यात बोटं फिरवत राहिले.
मग एक बोल्ट माझ्या हातावर ठेवून म्हणाले,
पाना लावायच्या आधी हाताने फिरवून बघायचं असतं,
एवढंच मला येतं.

मी नट चढवला.
एक फेरा गेला. दुसऱ्याला अडला.
राहू दे, म्हणाले, जोर नको लावूस.
चूडी जाईल.